आम्ही त्याला ताप म्हणत होतो

माझ्या भावाच्या आजाराला आमच्या घरात सहा महिने ताप म्हणत होते. थर्मामीटर लावला असता तर पारा अठ्ठ्याण्णवच्या वर गेला नसता, म्हणून तो कुणी लावलाच नाही.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहिता येतं. भायखळ्याला मावशीकडे राहून माझी शाळा इंग्रजीतून झाली, त्यामुळे माझं मराठी कुठे कुठे अडखळेल. पण ज्या घरात एखादा पुरुष भिंतीकडे तोंड करून पडला आहे आणि दारात आलेल्यांना ताप सांगितला जातो आहे, त्या घरातल्या बाईशी कुणीतरी बोलायला हवं. माझ्याशी कुणी बोललं नाही.

*

एझ्रादादा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर तो ओव्हरसियर होता आणि कर्नाळ्याच्या पायथ्याशी तंबूत राहायचा. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, शनिवारचा शब्बाथ पाळणारे. त्यामुळे शुक्रवारी दुपारी तो पनवेलला घरी यायचा, अंगभर लाल धूळ घेऊन, आणि रविवारी सकाळी परत जायचा.

आधी त्याचं बोलणं कमी झालं. मग दाढी करणं राहायला लागलं. घास हातात धरून तो इतका वेळ बसायचा की कालवणाला साय धरायची. एका रविवारी तो कामावर गेला नाही, पुढच्याही गेला नाही.

लोक मला अजून कारण विचारतात. मुलगी होती का कुणी? साहेबाशी भांडला होता का? मी कारण देत नाही, कारण त्याला स्वतःलाच ते सापडलं नव्हतं. तो म्हणायचा, "हन्नी, कुणी मारलं असतं तर कुठे लागलं ते दाखवता आलं असतं."

पापा पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. ते दारात उभे राहून म्हणायचे, "माणसाने उठायचं, तोंड धुवायचं आणि कामावर जायचं. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"काही नाही, पापा," दादा म्हणायचा. "मला सगळं समजतं."

आईने लग्नाचं काढलं. एका मुलीचा फोटोसुद्धा आला. दादाने तो नीट पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "हिने काय वाकडं केलंय माझं?"

*

त्या वर्षी आमच्या लोकांत इस्रायलला जाण्याचीच घाई होती. माझ्या दोन थोरल्या बहिणी नवऱ्यांबरोबर आधीच गेल्या होत्या. थोरलीला तिकडे मुलगा झाला होता आणि आईने त्याला फक्त एका धूसर फोटोत पाहिलं होतं. फोटो तिच्या उशाखाली असे. आमचेही अर्ज गेले होते: पापा, आई, दादा, मी. मला आईचा राग येतो तेव्हा मी स्वतःला याची मुद्दाम आठवण करून देते.

दादाला बरं वाटावं म्हणून आईने एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा बोलला. आमच्यात नवस असाच करतात. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. माणसं जमतात, प्रार्थना होते, ताट वाटलं जातं. पण मलिदा कशासाठी, हे जमलेल्यांना सांगावं लागतं. आईने सांगितलं, "परदेशी जायची कागदपत्रं होतायत, त्याबद्दल."

मग काय, सगळ्यांनी मोठ्याने कागदपत्रांसाठी आमेन म्हटलं. दादाच्या पाठीवर थापा मारल्या. एक बाई म्हणाली, "चेहरा बघा कसा उतरलाय! पनवेल सोडवत नाही वाटतं?" सगळे हसले. दादाही हसला. त्याच्या हातात पोह्यांची वाटी होती, ती त्याने न खाता माझ्या हातात दिली. देवालाही आम्ही खरा आजार सांगितला नव्हता.

*

वर्षातला आमचा सगळ्यात कडक उपवास म्हणजे दारफाळणीचा सण. पूर्वी त्या दिवशी सगळं कुटुंब पांढरे कपडे घालून घराची दारं लावून आत बसायचं, बाहेरच्याशी बोलायचं नाही. आता सगळे सिनेगॉगमध्ये दिवसभर बसतात. दादाने सकाळी सांगितलं, मला जमणार नाही. आईने ठरलेलं उत्तर दिलं, "ताप आहे म्हणा." आम्ही बाहेर पडलो आणि जुनी रीत म्हणून आईने दार ओढून घेतलं. आत दादाला एकट्याला ठेवून.

बायका वरच्या सज्ज्यात बसतात. तिथून पापांच्या शेजारची दादाची रिकामी जागा दिसत होती. दुपारपर्यंत मी तिच्याकडेच बघत होते. शेवटी आईला म्हटलं, चक्कर येतेय, घरी जाते. उपवासाच्या दिवशी हे कारण खपतं.

घराचं मागचं दार उघडं होतं. पडवीत दादा जमिनीवर बसला होता आणि त्याच्याशेजारी हिराबाई. हिराबाई शेजारच्या आगरी वाडीतली. शब्बाथला आणि सणाला आम्ही विस्तवाला हात लावत नाही, तेव्हा चूल पेटवायला आणि कोंबड्यांना दाणा टाकायला ती येई. तिने दादाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

दादाने काय करायचं ठरवलं होतं ते मी लिहिणार नाही. ते कुणालाही माहीत असण्याची गरज नाही. एवढंच सांगते की हिराबाई रोजच्यापेक्षा लवकर आली होती, कारण संध्याकाळी तिला मिठागरावर जायचं होतं.

ती मला म्हणाली, "येवडा मोटा घर, आन एक मानूस नाय याच्यापाशी? मी त्याला सांगला, तू बस, मी पन बसतंय. तुला बोलाचा नसंल तर नको बोलू."

"किती वेळ बसलीस?"

"मना काय ठावं? कोंबड्या बोंबलतान तवापासून."

एवढ्या महिन्यांत त्याच्याजवळ काहीही न सांगता बसलेली ती पहिली व्यक्ती. आम्ही सगळे त्याच्याजवळ काहीतरी सांगायलाच जात होतो.

*

सण संपल्यावर मी पापांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे पनवेलचे डॉक्टर घरी आले. ते दादाशी अर्धा तास दार लावून बोलले. बाहेर येऊन पापांना म्हणाले, "याला मेलँकोलिया म्हणतात, खोल उदासी. आजार आहे. न्यूमोनियासारखा आजार. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात खास विभाग आहे, तिथे न्या. आणि त्याला एकटं ठेवू नका."

"कालच्या प्रकाराचं..." पापांनी सुरुवात केली.

"मी काही पाहिलं नाही, काही लिहीत नाही."

पापांनी मान डोलावली. जीव द्यायचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे, हे त्यांना कलमासकट पाठ होतं.

डॉक्टर गेल्यावर मला रडू आलं, पण दुःखाने नव्हे. आजाराला नाव होतं. ज्याला नाव आहे त्याला औषध असणार, असं मला वाटलं. मी दादाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "नाव तर चांगलं आहे. एखाद्या मडमेचं असावं तसं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मुंबईला न्यायचं ते तपासणी झाल्यावर."

तपासणी म्हणजे इस्रायलला जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी. ती सहा आठवड्यांवर होती. त्याआधी हॉस्पिटलात नाव लागलं तर कागद तयार होणार, कागद तयार झाला तर सगळ्यांचंच अडणार, अशी आईची खात्री. "बोटीवर चढला की वाऱ्याने बरा होईल," ती म्हणाली. "तिकडे बहिणी आहेत. भाचा आहे."

आणि त्याच आठवड्यात तपासणीआधी भरायचा फॉर्म आला. घरातले इंग्रजी कागद मीच भरत असे. एक प्रश्न होता: कुटुंबात कुणाला मानसिक आजार आहे किंवा होता काय?

पापा म्हणाले, "नाही लिही."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं. दादा समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होता.

"झालं?" त्याने विचारलं. "म्हणजे मी बराच आहे."

या सगळ्यात माझी चूक कुठली, असं कुणी विचारलं तर ती ही. मी लाजाळू आहे, भित्री आहे, ते स्वभावाचं झालं. हे मात्र मी समजून-उमजून, शाईने केलं.

*

तपासणीत दादा पास झाला. मुंबईच्या त्या खोलीत तो ताठ उभा राहिला, डॉक्टरांच्या प्रश्नांना हसून उत्तरं दिली, रस्त्याच्या कामाबद्दल एक विनोदसुद्धा केला. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखी माणसं तिकडे हवीच आहेत. आईने बाहेर आल्यावर देवाचे आभार मानले. मी मात्र दादाकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर कुठलीच काळजी उरली नव्हती. हिशेब चुकते करून बसलेल्या माणसासारखा तो शांत दिसत होता.

पापा आणि आई दोन दिवस मावशीकडे राहिले. मी आणि दादा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदराला निघालो, तिथून पुढे एस.टी. लाँचमध्ये रिकाम्या टोपल्या घेतलेल्या कोळणी मोठमोठ्याने भांडत होत्या. दादा पाण्याकडे बघत म्हणाला, "हन्नी, आईला एवढ्या लांब जायचं सुख मिळू दे. मी काही पोचत नाही तिकडे."

असं वाक्य ऐकलं की माणूस घाईने बोलतो. 'असं बोलू नये रे' म्हणतो. आम्ही सगळे तेच म्हणत आलो होतो. मी म्हटलं नाही, कारण मला काही सुचलंच नाही. आणि मग जे तोंडातून आलं ते असं:

"दादा, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

तो माझ्याकडे वळला. सहा महिन्यांत तो माझ्याकडे असा वळला नव्हता.

"हो."

"रोज?"

"रोज. दुपारी जास्त." मग म्हणाला, "तुला विचारता येतं हे मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं."

मोरा येईपर्यंत तो बोलत राहिला. छातीवर खडीचा ढीग ओतल्यासारखं वाटतं. आपण सगळ्यांच्या वाटेतली धोंड आहोत असं वाटतं. हिराबाईने हात धरला तेव्हा आधी तिचा राग आला आणि मग तो ओसरला. मला वाटायचं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल. तसं काही होत नाही. विचार आधीच आत असतो, एकटा. हे ज्यांना वाचायचं असेल त्यांनी दोनदा वाचावं.

शेवटी मी विचारलं, "उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात येशील?"

"आणि आई?"

"आईचं मी बघते," मी म्हटलं. आयुष्यात कुणाचंही मी काही बघितलेलं नव्हतं.

*

घरी आल्यावर मी अर्जाच्या कचेरीला पत्र लिहिलं. माझ्या भावाला मानसिक आजार आहे, त्यावर उपचार सुरू करत आहोत, फॉर्ममधलं उत्तर खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं. चार वाक्यं. पोस्टात टाकून आले आणि दादाला म्हटलं, कपडे भर. वाटेत फक्त हिराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "जा. कोंबड्या मी बगतंय."

हॉस्पिटलात दादा दोन महिने होता. पुरुषांच्या वॉर्डात दुपारी चार ते सहा भेटायला सोडत. सकाळी गोळ्या, आठवड्यातून दोनदा विजेचे शॉक. शॉकच्या दिवशी त्याला माझं नाव आठवायला वेळ लागे आणि मी बाहेरच्या बाकावर बसून आपण हे काय केलं, असं स्वतःला विचारत असे. चहा पिवळट, पाणी मिळे ते चुनकट डाग पडलेल्या पेल्यातून, आणि एक हेडनर्स होती जी सगळ्यांवर सारखंच खेकसायची. दादाला ते आवडायचं. "घरी सगळे हळू आवाजात बोलतात," तो म्हणायचा. "इथे मला ओरडतात. मेलेल्याला कुणी ओरडत नाही."

एकदा मी गेले तर चार-पाच जण एका खाटेवर बसून हसत होते. दादाने माझी ओळख करून दिली. "हे मास्तर. यांना गावी टायफॉइड झालाय. हे गिरणीतले नाना, यांना कावीळ. हे शेठ महाबळेश्वरला हवापालटासाठी गेलेत."

"हवा थंड आहे," शेठ गंभीरपणे म्हणाले.

"आणि तुम्हाला काय झालंय?" मास्तरांनी दादाला विचारलं.

"साधा ताप. आमच्याकडे कल्पनाशक्ती कमी."

सगळे पुन्हा हसले. बरा होत असलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. पण घरी परतताना चीड आली. एवढ्या शहाण्या माणसांना खरं बोलायला वेड्यांच्या वॉर्डातली खाट लागावी!

पापा एकदाच आले. खुर्ची ओढून बसले, टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माझ्या नोकरीत असे बरेच पाहिले. पंचनाम्यात मी लिहायचो, पोटदुखीला कंटाळून. घरच्यांना बरं पडायचं. किती जणांचं लिहिलं."

"तुमच्या हद्दीत पुरुषांची पोटं फारच दुखायची, पापा," दादा म्हणाला.

मला वाटलं, पापा उठून जातील. ते बसून राहिले. जाताना त्यांनी दादाच्या केसांवरून हात फिरवला. मोठं झाल्यावर त्याला त्यांनी असा हात लावलेला मी पाहिला नव्हता.

*

कचेरीचं उत्तर आलं. पापा आणि आई जाऊ शकतात. एझ्राचा विचार उपचार पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आल्यावर होईल. मीही जाऊ शकत होते. आईने पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, दोनदा. मग म्हणाली, "तुला शिकवलं ते यासाठी?"

"आई, तो मेला असता."

"तोंड सांभाळ."

"तो बोटीवरून..."

"माझ्या घरात असं कुणी नाही," ती म्हणाली. त्यानंतर निघेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ दे. दिवा पूस. तिला नातवाला बघायचं होतं आणि मुलाला सोडायचं नव्हतं, आणि दोन्ही एकदम होणार नाही हे तिला माझ्या अक्षरातून कळलं होतं. पापा म्हणाले, तिला एकटी कशी पाठवू? मी राहिले. दादाला एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि घरात ते वाक्य ऐकलेली मी एकटीच असल्यासारखं सगळे वागत होते.

नातेवाइकांना आईने सांगितलं की एझ्राला बढती मिळाली आहे, म्हणून तो मागाहून येईल. हन्ना त्याला जेवायला घालायला राहतेय.

बोट सुटायच्या दिवशी धक्क्यावर आमची शे-दीडशे माणसं असतील. ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या, रडारड. दादा हॉस्पिटलातून येऊन तीन आठवडे झाले होते. कोट त्याला सैल होत होता. गर्दीतून पापांचे चुलतभाऊ सोलोमनकाका आले. ते कुणाला तरी पोचवायला आले होते. माझगावात राहणारे, कस्टममध्ये हेडक्लार्क, आवाज असा की लग्नात माइक लागत नाही.

"एझ्रा! बढती मिळाली म्हणे! अभिनंदन! पेढे कुठायत?"

आई तीन हात अंतरावर उभी होती. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"बढती नाही, काका. मी हॉस्पिटलात होतो. मला जगावंसं वाटत नव्हतं. आता बरं आहे. रोज नाही, पण बरं आहे."

आजूबाजूचे चार-पाच जण वळून बघायला लागले. आईने पदर तोंडावर ओढला. ती दादाजवळ आली, रीतीप्रमाणे त्याच्या हाताला बोटं लावून ती ओठांना लावली. माझ्याकडे आली नाही. ती बोटीचा जिना चढून गेली आणि वर गेल्यावर कठड्याशी उभी राहिली नाही. पापा उभे राहिले होते. ते शेवटपर्यंत टोपी हलवत होते.

बोट वळली, गर्दी फुटली. आम्ही निघालो तेव्हा सोलोमनकाका पुन्हा जवळ आले. यावेळी त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"कुठलं हॉस्पिटल रे?"

दादाने सांगितलं.

"माझ्या ओळखीतला एक जण आहे, त्याच्यासाठी विचारतोय."

"हो," दादा म्हणाला. "त्यांना मंगळवारी घेऊन या. मी येतो सोबत. आठला रांग लागते."

"काही कागदबिगद?"

"लागत नाही. नुसतं यायचं."

काकूंनी लांबून हाक मारली, काय एवढं बोलताय? काका मोठ्या आवाजात ओरडले, "काही नाही! रस्त्याच्या कामाचं विचारत होतो!"

मंगळवारी आम्ही पहिल्या एस.टी.ने निघालो आणि पावणेआठला पोचलो. काका रांगेत आधीच उभे होते. एकटेच.